शिवारांतील शेजारी आणि कॅमेरा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा भरली म्हणजे वर्गावर्गांतून प्रवासाच्या गोष्टी निघतात. कोणी ताडोब्याच्या रानांत वाघ पाहून आलेला असतो, तर कोणी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानांत पिंजऱ्यांतील वाघापुढें उभें राहून आपलें छायाचित्र काढून आणतो. ह्या गोष्टी ऐकून आम्हांस आनंदच होतो. परंतु त्याच विद्यार्थ्यास, "तुझ्या अंगणांतील लिंबावर जी खार दिवसभर चढउतार करते, तिच्या पाठीवर पट्टे किती?" असें विचारावें, तर तो गोंधळतो. दूरच्या वाघाची ओळख आहे, दारच्या खारीची नाहीं. रानांतील प्राणी पाहावयाचे म्हणजे पैसे खर्चून, जीप करून, शेंकडों कोस दूर गेलें पाहिजे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. ती समजूत खोटी आहे, आणि नुसती खोटी नव्हे तर नुकसानकारकही आहे, असें आमचें मत आहे. तें येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी ह्या जिल्ह्यांचा कांहीं भाग घेऊन निर्माण झाला. दक्षिण सीमेवर गोदावरी. आंत दुधना, कुंडलिका आणि पूर्णा. बाकी काळी जमीन, मुरमाड माळ, गायरानें, ओढे आणि ओढ्यांकांठची बोरीबाभळींची झुडपें. नकाशावर हिरव्या रंगानें दाखवावें असें अरण्य येथें फार थोडें. म्हणून लोक म्हणतात, "आमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे?" पण झाडी नाहीं म्हणजे रान नाहीं, हा तर्कच मुळांत चुकीचा आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड हे मोकळ्या माळाचे रहिवासी होत. दाट अरण्यांत काळविटास सुख नाहीं. त्याचा सारा भरंवसा दूरवर पोंचणाऱ्या नजरेवर आणि चपळ पायांवर. वाघास जसें अरण्य, तसा काळविटास माळ. बाजरी-ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांमधून जो उघडा टापू उरलेला आहे, तेंच त्याचें घर.

ह्या घरांत कोण कोण राहतो, याची यादी केली तर ती लहान नाहीं. काळवीट व चिंकारा ह्या दोघांसही आपण सरसकट 'हरीण' म्हणतों. परंतु चिंकारा अंगानें लहान, आणि त्याच्या मादीसही बारीक शिंगें असतात. काळविटाच्या मादीस शिंगें नसतात. नराचीं शिंगें पिळदार, व वय वाढेल तसा त्याचा रंग काळा होत जातो. रोही, म्हणजे नीलगाय, ही गाय नसून हरणांचीच दूरची आप्त होय. कोल्हा, खोकड आणि लांडगा यांची गल्लत तर नेहमींचीच. खोकड सर्वांत लहान, झुपकेदार शेंपटीचें टोंक काळें, कोल्हा मध्यम, लांडगा उंच पायांचा. तरसाचे पुढचे पाय मागच्यांहून उंच, म्हणून तें उतारावर उभें असल्यासारखें दिसतें. याशिवाय रानमांजर, उदमांजर, मुंगूस, साळिंदर, ससा, रानडुक्कर, वानर आणि जुन्या वडावर उलटीं लटकणारीं मोठीं वटवाघळें. वटवाघूळ उडतें म्हणून त्यास पांखरांत गणणारे अजून आहेत. पण तें पिल्लांस दूध पाजतें, तेव्हां तेंही सस्तनच. एवढे शेजारी असून आपण म्हणावें कीं, येथें कांहीं नाहीं!

ही गोष्ट केवळ करमणुकीची नाहीं. ज्याची कोठेंही नोंद नाहीं, तें कारभारांत नसल्याप्रमाणेंच धरलें जातें. केंद्र सरकारनें देशांतील पडीक जमिनींचे नकाशे एकत्र करून प्रथम २००० सालीं प्रसिद्ध केले. त्यांत खुरट्या झुडपांच्या जमिनीही 'पडीक' ह्याच सदराखालीं येतात. पडीक म्हणजे निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे कोणींही कशासाठींही घ्यावी, असा अर्थ व्हावयास वेळ लागत नाहीं. ज्या माळावर हरिणीनें आपलें पाडस गवतांत दडवून ठेविलें आहे, खोकडानें बीळ केलें आहे आणि धनगराचीं मेंढरें चरत आहेत, तो माळ कागदावर मात्र रिकामा! हा कागद खोटा आहे असें नुसत्या तोंडानें सांगून भागत नाहीं, पुरावा लागतो. तारीख, वेळ व ठिकाण यांसह घेतलेलें छायाचित्र हा तो पुरावा होय, आणि तो गोळा करण्याचें सामर्थ्य आज प्रत्येक घरीं असलेल्या मोबाइलांत आहे.

पूर्वीं प्राण्याची ओळख पटवावयाची तर त्यास मारावें लागे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली. तिनें हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी हातीं घेतली, ती १९११ सालीं आपल्या उत्तरेस लागून असलेल्या खानदेशापासून. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें प्राणी मारून त्यांचीं कातडीं व कवट्या संग्रहालयांत ठेवीत. त्या श्रमांमुळें पुष्कळ ज्ञान मिळालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं दुसराच मार्ग दाखविला. जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवावी, जनावराचा धक्का लागतांच झगमगाट होऊन त्याचें चित्र आपोआप निघावें, अशी योजना करून त्यांनीं वाघांचीं चित्रें घेतलीं, आणि १९२७ सालीं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. आज वनखातें वाघांची गणना ज्या ट्रॅप कॅमेऱ्यांनीं करतें, ते ह्याच विचाराचे वंशज. बंदुकीचा नेम लागला म्हणजे प्राणी संपतो. कॅमेऱ्याचा लागला म्हणजे प्राणी राहतो आणि त्याची नोंदही राहते.

बंदुकीनें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच दख्खनच्या माळांनीं पाहिलें आहे. काळविटाचा पाठलाग करणारा चित्ता एके काळीं ह्या भागांत होता. शिकारीनें आणि माळ नाहींसे होत गेल्यानें तो संपला. १९५२ सालीं तो देशांतून नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें १७ सप्टेंबर २०२२ रोजीं मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत आठ चित्ते सोडण्यांत आले, ते आफ्रिकेंतील नामिबिया देशांतून विमानानें आणावे लागले. घरचें धन उधळून टाकावें आणि मग समुद्रापलीकडून उसनें आणावें, असा हा व्यवहार आहे. द्वीपकल्पांतील लांडग्यांची संख्या शास्त्रज्ञांनीं तीन हजारांच्या आसपास अंदाजिली आहे. म्हणजे आपल्या माळावर दिसणारा लांडगा वाघाइतकाच दुर्मिळ आहे. परंतु त्यास पाहण्यासाठीं कोणी जीप करीत नाहीं!

आतां विद्यार्थिमित्र विचारतील कीं, आरंभ कोठून करावा? आमचें सांगणें असें कीं, घरापासूनच करावा. भारतांत वस्तीजवळ दिसणाऱ्या खारींच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत: एकीच्या पाठीवर तीन पांढरट पट्टे, दुसरीच्या पाठीवर पांच. आपल्या अंगणांतील खारीचें पाठीकडून स्पष्ट चित्र घेऊन ते पट्टे मोजावे. हा धडा सोपा वाटतो. पण खार क्षणभरही स्थिर राहत नाहीं, हें प्रत्यक्ष केल्यावांचून कळणार नाहीं. जो खारीपुढें अर्धा तास गुपचूप बसूं शकत नाहीं, त्यानें काळविटाची आशा धरूं नये. नंतर बांधावरचें मुंगूस, सायंकाळीं वडावरून निघणारीं वटवाघळें, आणि मग घरच्या वडील माणसांबरोबर पहाटेच्या वेळीं माळ.

माळावर जातांना कांहीं नियम पाळावे लागतात. भडक कपडे नसावे. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर बाजू बदलावी, कारण त्यास आपला वास आधीं लागतो. चालत पाठीस लागण्यापेक्षां एके ठिकाणीं बसून राहावें. जनावर चरण्याचें थांबून मान वर करून पाहूं लागलें कीं समजावें, आपण फार जवळ आलों. तेथून एक पाऊलही पुढें टाकूं नये. जनावर दिसलें नाहीं तरी निराश होण्याचें कारण नाहीं. ओढ्याच्या ओल्या रेतींत पावलें उमटलेलीं असतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशांत नखें दिसतात. मांजरकुळांतील प्राणी चालतांना नखें आंत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशांत सहसा दिसत नाहींत. ठशाशेजारीं एक नाणें ठेवून चित्र घ्यावें, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. साळिंदराचा गळून पडलेला कांटा, रोह्याच्या लेंड्यांचा एकाच जागीं सांचलेला ढीग, हींही वाचावयाचीं अक्षरेंच होत. आणि तीं वाचावयास शिकविणारा उत्तम गुरु म्हणजे धनगर. मेंढरांमागें जन्म घालविलेल्या माणसास लांडग्याची वाट जितकी ठाऊक असते, तितकी कोणत्याही पुस्तकास नसते. त्याच्यापाशीं नम्रपणें बसावें व विचारावें.

प्रत्येक चित्रामागें नोंदवहींत चार ओळी असाव्या: दिवस व वेळ, गांव व ठिकाण, प्राणी किती, आणि ते काय करीत होते. अंधुक पण नोंद असलेलें चित्र आम्ही चांगलें मानतों. सुंदर पण नोंद नसलेलें चित्र केवळ भिंतीची शोभा. एकच माळ वर्षभर, दर महिन्यास एकदां, पाहिला व लिहून ठेविला, तर त्यांतून जें कळेल तें दहा अभयारण्यें धांवतपळत पाहून कळणार नाहीं.

परंतु कॅमेरा हातीं आला म्हणजे माणूस सज्जन होतोच, असें नाहीं. चांगलें चित्र मिळावें म्हणून हरणांच्या कळपामागें मोटारसायकल घालणारे, रात्रीं प्रखर दिव्यानें जनावराचे डोळे दिपविणारे, खोकडाच्या बिळांत धूर करणारे लोक असतात. अशा माणसांच्या हातचा कॅमेरा आणि शिकाऱ्याची बंदूक यांत आम्ही फारसा भेद मानीत नाहीं. गर्भार हरिणी पळून पळून थकते, पिल्लें आईस मुकतात. आणि हें सारें कशासाठीं, तर मित्रांना दाखवावयाच्या एका चित्रासाठीं! गवतांत एकटें पडलेलें पाडस 'अनाथ' समजून घरीं आणण्याची चूकही दयाळू मुलांकडूनच होते. हरिणी आपलें पाडस दडवून दूर चरते आणि वेळेवर येऊन पाजते. तें उचलून आणणें म्हणजे त्यास खरोखरच अनाथ करणें. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट, चिंकारा व लांडगा यांना पहिल्या अनुसूचींतील संरक्षण दिलें आहे. त्यांना मारणें वा पकडणें हा मोठा गुन्हा आहे. आपल्या जिवाचीही काळजी घेतली पाहिजे. पिल्लांसह असलेली रानडुकरीण, भ्रमिष्टासारखें वागणारें कुत्रें किंवा कोल्हा यांच्या जवळ कदापि जाऊं नये. चित्रापेक्षां मूल मोलाचें, हें आम्हीं सांगावयास नको.

आतां पालकांच्या मनांतील आक्षेपाकडे वळूं. तो आम्ही हलका समजत नाहीं. पालक म्हणतील, "तुम्ही शाळेंत बसून हरणांचें कौतुक करा, रात्रीं जागलीला आम्हांस जावें लागतें. पेरलेलें सोयाबीन उगवलें कीं हरणांचा कळप शेंडे खुडून नेतो, हरभऱ्यांत रोही बसतात, मका रानडुकरें लोळवितात. मुलाची फी त्याच पिकांतून भरावयाची आहे." हें म्हणणें शब्दशः खरें आहे. जो मनुष्य शेतकऱ्याचें नुकसान विसरून प्राण्यांवर प्रेम करावयास सांगतो, तो प्राण्यांचा मित्र नव्हे. कारण अशा उपदेशानें शेतकऱ्याचा राग वाढतो आणि तो राग शेवटीं मुक्या जनावरावरच निघतो. रागाच्या भरांत कोणी कुंपणाच्या तारेंत वीज सोडतो. त्या तारेस हरीण चिकटतें, आणि एखादे वेळीं शेजाऱ्याचा कर्ता मुलगाही चिकटतो. ह्या उपायानें पीक वांचत नाहीं, घर मात्र बुडतें.

तथापि आमचें म्हणणें असें कीं, ह्या दुःखांतही मुलाचा कॅमेरा बापाच्या उपयोगीं पडूं शकतो. रानडुक्कर, रोही, हरीण यांनीं पिकाची नासाडी केल्यास भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्रांत आहे. ती मिळण्यास मुदतीत अर्ज व पंचनामा लागतो, आणि पंचनाम्यास पुरावा लागतो. तुडविलेल्या पिकाचें, त्यांतील पावलांचें व शक्य तर प्रत्यक्ष कळपाचें तारीखवार चित्र असलें तर अर्जदाराचें म्हणणें बळकट होतें. भरपाई नुकसानीच्या मानानें थोडी व उशिरां मिळते, ही तक्रारही रास्त आहे. पण ती तक्रार मांडावयासही नोंदच हवी. गांवोगांवच्या मुलांनीं वर्षभर ठेवलेल्या वह्या एकत्र केल्या, तर कोणत्या शिवारांत कोणत्या महिन्यांत किती कळप उतरतात हें आंकड्यांनीं सांगतां येईल. रडगाण्याकडे कोणी पाहत नाहीं. आंकड्यांकडे पाहावेंच लागतें. ज्या वहीनें माळ रिकामा नाहीं हें सिद्ध होतें, त्याच वहीनें शेतकऱ्याचें नुकसान खोटें नाहीं हेंही सिद्ध होतें. म्हणून ह्या दोन पक्षांत वैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दोघांचेंही गाऱ्हाणें ऐकून न घेणाऱ्या अज्ञानाशीं वैर आहे.

अशा वहीचें सारें मोल तिच्या खरेपणांत आहे. हल्लीं कोठलें तरी जुनें चित्र 'आपल्या गांवांत बिबट्या आला' म्हणून मोबाइलवर घरोघर फिरतें. आणि आतां तर यंत्राकडून हवें तसें खोटें चित्र बनवूनही घेतां येतें. त्या चित्रानें मुलें शाळेंत यावयाचीं थांबतात, शेतावरचे मजूर परततात, आणि रात्रीं काठ्या घेऊन निघालेला जमाव समोर येईल त्या कोल्ह्यास किंवा रानमांजरास ठार करतो. भीति नेहमींच निराधार असते असेंही नाहीं. २०२४ सालीं उत्तर प्रदेशांतील बहराइच जिल्ह्यांत लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलें दगावलीं. म्हणूनच, खरा धोका कोठें आहे व कोठें नाहीं हें सांगणारें खरें चित्र अमोल ठरतें. ज्यास कोल्हा व लांडगा यांतील भेद कळतो, तो विद्यार्थी अशा रात्रीं साऱ्या गांवाच्या उपयोगीं पडतो. स्वतः पाहिलें नाहीं तें पुढें धाडूं नये. शंका असेल तर वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें. तसेंच दुर्मिळ प्राण्याचें बीळ वा बसण्याची जागा चव्हाट्यावर सांगूं नये, कारण ऐकणाऱ्यांत शिकारीही असतात. ठिकाण वहींत नेमकें लिहावें. जगास सांगतांना तालुका सांगितला तरी पुरे.

तात्पर्य, दूरचा वाघ जरूर पाहावा. पण आधीं आपला माळ पाहावा. आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक वर्गानें ह्या वर्षापासून एक 'शिवाराची नोंदवही' ठेवावी. भोकरदन-जाफराबादपासून अंबड-घनसावंगीपर्यंत आणि बदनापूरपासून परतूर-मंठ्यापर्यंत ज्या ज्या गांवांहून विद्यार्थी येतात, त्या त्या गांवाचें एक एक पान तीत असावें. जिल्ह्यांत चित्र घेण्यासारखें कांहीं नाहीं असें ज्यास वाटत असेल, त्यानेंही आपल्या गांवाचें पान घ्यावें. पालकांनीं मुलांस पहाटे उठून बांधावर जाऊं द्यावें आणि शक्य तेव्हां स्वतः बरोबर जावें. त्यांना जें लहानपणापासून ठाऊक आहे, तें मुलाच्या वहींत उतरूं द्यावें. जागलीच्या अनेक रात्रींत बापानें जें पाहिलें, तें त्याच्यामागें विसरलें जाऊं नये. पहिल्या वर्षीं पुष्कळ पानांवर कदाचित् खार, मुंगूस व ससा एवढेच येतील. तेवढ्यानें आम्ही संतुष्ट राहूं. एकदां मुलास पाहण्याची संवय लागली, कीं पुढचीं नांवें माळ आपण होऊन सांगतो.